स्पीच थेरपीच्या फलकावर ‘नको’ हवेच

आमचे केंद्र लहान आहे: दोन स्पीच थेरपिस्ट, ठरावीक दिवशी येणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मुलांना आत-बाहेर नेणारी, शी-शू करवणारी मदतनीस ताई. मोठ्या रुग्णालयात अत्याचाराची तक्रार ऐकणारा एक, चौकशी करणारा दुसरा आणि निर्णय घेणारा तिसरा असतो. आमच्याकडे ऐकणारी, ठरवणारी आणि त्याच कुटुंबाकडून फी घेणारी व्यक्ती एकच असते, शिवाय ज्याच्याविषयी शंका यायची तो आपलाच सहकारी असण्याचीही शक्यता असते. म्हणून मुलांच्या आणि परावलंबी प्रौढांच्या संरक्षणाची भिस्त माणसांच्या चांगुलपणावर ठेवू नये. जे ठरवायचे ते कोणताही प्रसंग उद्भवण्याआधी लेखी ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातला काही भाग सोपा आहे. थेरपीच्या खोलीच्या दाराला काच असावी, पालकांना वाटेल तेव्हा आत डोकावता यावे, मुलाला स्वच्छतागृहात कोणी न्यायचे हे प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून लिहून घ्यावे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थेने कायम आणि कंत्राटी अशा सर्वच कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची असते. बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आले, तेव्हा आरोप कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर होता, हे लक्षात ठेवलेले बरे. अर्थात, पडताळणीत जुना नोंदलेला गुन्हा सापडतो, न नोंदलेला सापडत नाही.

अवघड भाग आमच्या उपचारातच दडलेला आहे. बोलू न शकणाऱ्या स्वमग्न मुलाला आम्ही काय शिकवतो? ‘बस’, ‘इकडे बघ’, ‘हात दे’. त्याने ऐकले की शाबासकी आणि खाऊ देतो. वर्षानुवर्षे असे चालले की मोठ्या माणसाने सांगितलेले निमूटपणे करणे हेच त्याला चांगले वागणे वाटू लागते, आणि गैरफायदा घेणाऱ्याला नेमके असेच मूल हवे असते. त्यातच बोट ठेवून सांगण्यासाठी त्याला दिलेल्या चित्रफलकावर पोळी, पाणी, झोका, आजी असे सगळे असते. पण ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’ ही चित्रे पुष्कळदा नसतात आणि गुप्तांगांची चित्रे तर जवळजवळ कधीच नसतात. जे सांगायला साधनच दिलेले नाही, ते मूल सांगणार कसे?

म्हणून आमच्याकडे फलक तयार करताना ‘नको’ पहिल्या दहा चित्रांत येते, आणि मुलाने त्यावर बोट ठेवले की जे चालू असेल ते आम्ही खरोखरच थांबवतो, मग तो सराव कितीही महत्त्वाचा असो. तोंडाच्या स्नायूंचे व्यायाम घेताना ओठांना किंवा गालाला हात लावण्यापूर्वी खूण करून विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. काही पालकांना हे लाड वाटतात. ‘अहो मॅडम, घरी आधीच कुणाचं ऐकत नाही,’ अशी तक्रार होते आणि ती समजण्यासारखी आहे, तरी या एका बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. अवयवांची चित्रे घालताना आईवडिलांशी स्वतंत्रपणे बोलावे लागते. बहुतेकांचा संकोच कारण समजल्यावर मावळतो.

गोपनीयतेची मर्यादाही पहिल्याच भेटीत सांगावी. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची भीती वाटली, तर पॉक्सोच्या कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. राजुऱ्याच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात माहिती असून न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरांवर होता. उच्च न्यायालयाने रद्द केलेला तो गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा कायम केला. ‘घरातली गोष्ट घरातच मिटवू’ या विनंतीला त्यामुळे जागा उरत नाही आणि हे आधी सांगितलेले असले म्हणजे नंतर विश्वासघात झाल्यासारखे वाटत नाही.

आमचे काम ऐकण्याचे आहे, तपासाचे नाही. मुलाने जे दाखवले ते त्याच क्रमाने, त्याच खुणांत, तारीख-वेळ घालून लिहावे; ‘काकांनी केलं का?’ असे सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. दिव्यांग मुलाचा जबाब घेताना त्याची संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद कलम २६ मध्ये आहे. आपल्यालाच बोलावणे येऊ शकते, तेव्हा आपण आधी पढवल्याचा संशयही येता कामा नये.

प्रौढांच्या बाबतीत कायद्याची सक्ती कमी आणि गुंता जास्त आहे. अर्धांगवायूनंतर वाचाघात झालेली, म्हणजे बोलण्याची व भाषा समजण्याची क्षमता बाधित झालेली व्यक्ती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कक्षेत येऊ शकते. तिचा छळ किंवा शोषण होत असल्याचे मानण्यास कारण असेल, तर कलम ७ नुसार कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो. मात्र तसे करणे ऐच्छिक आहे. त्यामुळे शक्य तिथे निर्णय त्या व्यक्तीचाच असला पाहिजे. पण तिचा निर्णय ओळखायचा कसा? वाचाघातात अनेकदा प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ येते. घरभेटीत मुलगा म्हणतो, ‘बाबांना कळतंय, तुम्हीच बघा ना, हो म्हणाले,’ आणि समोर घराच्या बक्षीसपत्राचा मसुदा असतो. अशा वेळी तोच प्रश्न उलटा करून विचारावा लागतो: ‘घर मुलाच्या नावावर करायचे?’, आणि थोड्या वेळाने ‘घर तुमच्याच नावावर ठेवायचे?’ दोन्हींना ‘हो’ आले, तर त्या होकाराला अर्थ नाही. ही नोंद आम्ही फाईलमध्ये ठेवतो, आजोबांना आणि मुलाला समोरासमोर सांगतो, आणि कोणत्याही दस्तऐवजावर साक्षीदार म्हणून सही करत नाही.