काळी आईचे ड्रुइड: सुगीच्या देवीचा पंथ टेबलावर उभा करताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून फाशांवर गोष्ट रचायच्या खेळात ड्रुइड म्हणजे निसर्गाचा मंत्र जाणणारा पुजारी. ड्रुइड म्हटलं की खेळायला बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर आधी जंगल येतं. पण देवी मातीची आणि सुगीची असेल, तर जंगल मोडून काढलेलं शिवारही तिचंच. हा पेच सोडवू नका, त्यावरच पंथ उभा करा. आपल्याकडे शब्दही तयार आहेत: वस्तीची जमीन ती पांढरी, पिकाची ती काळी. देवीला ‘काळी आई’ म्हणा आणि पंथात दोन शाखा करा, काळीकर आणि राईकर. राईकर देवराईतली वाळकी काटकीसुद्धा बाहेर जाऊ देत नाहीत. काळीकरांना नांगरासाठी लाकूड लागतंच. पंथाच्या बैठकीतलं पहिलं भांडण इथेच लागतं.

अंबाबाईला किंवा जोतिबाला मात्र थेट खेळात आणू नका. लोकांच्या श्रद्धेच्या देवावर फासे टाकणं मला पटत नाही.

नकाशा आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याचा घ्या. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिरोळला पाचशेच्या आसपास. त्यामुळे एकाच पंथाची कामं गावागणिक बदलतात: पश्चिमेला भाताचा तरवा टाकणं, चिखलणी, रोपलागण, पूर्वेला ऊस आणि महापुराची धास्ती.

नियम डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे (२०१४) धरतोय. ‘ड्रुइड लोखंडाला शिवत नाही’ असं खूपदा ऐकू येतं, ते चूक आहे. तो धातूचं चिलखत आणि ढाल वापरत नाही, एवढंच. विळा तर त्याच्या हत्यारांच्या यादीतच आहे. मग नांगराच्या फाळालाही हरकत नाही.

आता खरी मेख. ‘प्लांट ग्रोथ’ हा तिसऱ्या पातळीचा मंत्र आठ तास लावून म्हटला, तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली जमीन वर्षभर समृद्ध होते आणि उत्पन्न दुप्पट येतं. गणित करा: ३.१४ × ०.५ × ०.५ म्हणजे ०.७८५ चौरस मैल, म्हणजे साधारण ५०० एकर. पाचव्या पातळीचा एक ड्रुइड रोज एक मंत्र म्हणत महिनाभर फिरला, तर १५,००० एकर होतात. असे चार ड्रुइड असले की राज्यात दुष्काळ उरत नाही आणि तुमची गोष्ट तिथेच संपते.

मंत्राला बंदी घालू नका, हिशेब लावा. एकरी ४० टन उसाचे ८० झाले, तर ५०० एकरांत २०,००० टन जादा. तुमच्या जगात कारखाना नाही, गुऱ्हाळं आहेत. एक गुऱ्हाळ दिवसाला १० टन गाळतं असं धरलं, तरी जादा उसालाच एका गुऱ्हाळाचे २,००० दिवस लागतात. तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटतं आणि गुळाचा उताराही. म्हणून पंथाचा नियम असा: तोडणीची माणसं, जळण आणि गुऱ्हाळं मोजल्याशिवाय मंत्र म्हणायचा नाही. खेळाडूंना ही मोजणी करायला लावा. गावकऱ्यांशी बोलावं लागतं, भाव पडेल म्हणून अडून बसलेल्या व्यापाऱ्याला समजवावं लागतं, आणि लढाईशिवाय खेळाच्या दोन बैठका रंगतात.

‘ड्रुइडक्राफ्ट’ या मंत्राने आहे त्या जागेचं पुढच्या २४ तासांचं हवामान कळतं. वापसा, म्हणजे नांगरटीजोगी ओल, मात्र हातानेच बघायचा. मूठभर माती दाबायची, गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वापसा आला. पचकन बसला तर थांबायचं, नाहीतर नांगरटीला ढेकळं निघतात. गोळा वळलाच नाही तर ओल गेली. पंथात नवख्याची पहिली परीक्षा हीच ठेवा.

वार्षिक विधीसाठी घटस्थापनेची रीत घ्या: पत्रावळीवर शेतातली माती, त्यात धान्य, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. पाणी घटातून पाझरून मातीला मिळायला हवं. रंग दिलेला घट पाझरत नाही आणि कडेचं धान्य उगवत नाही. वरून पाणी जास्त ओतलं तर बुरशी धरते. नऊ दिवस रोज एकदा ‘सर्व्हायवल’ या कौशल्याचा वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कौशल्याची भर मिळवायची, लक्ष्य १५ किंवा जास्त. ज्याची या कौशल्यात भर ७ आहे, त्याचे सरासरी सहाच्या जवळपास दिवस साधतात. सात किंवा जास्त साधले तर वर्ष चांगलं, चार ते सहा बेताचं, त्याखाली पूर किंवा कीड. लक्ष्य १० ठेवलं तर सरासरी आठच्या वर जाते आणि कोणाला धाकच राहत नाही.

शेवटी बांडगूळ. रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय की खरे ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुजारी, चंद्राच्या सहाव्या दिवशी सोन्याच्या विळ्याने ओकवरचं बांडगूळ कापत आणि ते पांढऱ्या कापडात झेलत. खेळातल्या ‘गुडबेरी’ मंत्रालाही बांडगुळाची डहाळीच लागते. त्यातून दहापर्यंत फळं मिळतात, एक फळ माणसाला दिवसभर पुरतं आणि २४ तासांत त्यांचा गुण जातो. आपल्याकडे बांडगूळ म्हणजे फुकट खाणारा, आणि आंब्याच्या झाडाला ते खरंच शोषतं. नुसतं वरून छाटलं तर पुन्हा फुटतं. ते चिकटलंय त्या गाठीच्या खाली फांदीच कापावी लागते, तीही फळं पिकायच्या आत, कारण चिकट बी पाखरं दुसऱ्या फांदीवर पुसतात. काळीकरांना ते सगळं उतरवायचं असतं, राईकरांना फुलटोच्या पाखरांसाठी ठेवायचं असतं. षष्ठीला किती कापायचं, हे दोन्ही शाखांनी झाडाखाली बसून ठरवायचं, आणि त्या बैठकीत दोन्ही बाजू खेळाडूंनाच वाटून द्या.