रिपोर्टमधल्या ‘राउंड सेल्स’ आणि पुढचे तीन महिने

माझ्या वीर्य तपासणीत शुक्राणूंची संख्या ठीक होती. मिलीलिटरला १.६ कोटी ही खालची मर्यादा, मी तिच्या वर होतो. पुढे सरकणारे शुक्राणू मात्र १९ टक्केच. ते निदान ३० हवेत. शिवाय एक ओळ: राउंड सेल्स, म्हणजे वीर्यातल्या गोल पेशी, वाढलेल्या.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. राउंड सेल म्हणजे पस सेलच (पूमधली पांढरी पेशी) असं नाही; अपक्व शुक्रपेशीही सूक्ष्मदर्शकाखाली गोलच दिसतात. पेरॉक्सिडेज नावाच्या चाचणीत रंग देऊन पाहिलं की पांढऱ्या पेशी ओळखू येतात. त्या मिलीलिटरला १० लाखांवर गेल्या तरच जास्त धरायच्या, आणि तरीही त्यावरून जंतुसंसर्ग सिद्ध होत नाही. माझ्या जास्त निघाल्या. या पेशी ऑक्सिडंट, म्हणजे इतर पेशींना इजा करणारी रसायनं, सोडतात. शुक्राणूच्या आवरणातली चरबी त्यानं चटकन खराब होते, शेपटीचा जोर जातो, आतला डीएनएही तुटू शकतो. ई. कोलाय हा जंतू तर शुक्राणूंना चिकटून त्यांचे पुंजके करतो. संसर्ग एपिडिडायमिसमध्ये (वृषणाला लागून असलेली, शुक्राणू साठवणारी नळी) मुरला आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या व्रणानं बुजल्या, तर वृषणात शुक्राणू बनत असूनही वीर्यात एकही येत नाही.

कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) वीर्य नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच द्यायचा, नाहीतर जंतू असून रिपोर्ट कोरा येतो. आधी लघवी करायची, हात आणि लिंग साबणानं धुऊन कोरडं करायचं, मग थेट निर्जंतुक डबीत. एवढं न केल्यास त्वचेवरचेच जंतू वाढतात आणि उपचार भलत्याच जंतूवर होतो. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू साध्या कल्चरमध्ये वाढतच नाही. त्यासाठी तासभर लघवी रोखून पहिल्या धारेची २०-३० मिली लघवी पीसीआरला (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) दिली.

तिथेच क्लॅमिडिया सापडला. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस दिलं. जोडीदाराची तपासणी आणि उपचार त्याच वेळी, आणि दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध बंद. एकट्यानं गोळ्या घेऊन उपयोग नाही, संसर्ग फिरून येतो.

महिन्याभरात पुन्हा तपासण्याचा मोह होतो, पैसे वाया. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस, वर एपिडिडायमिसमधला प्रवास. म्हणून तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, पहिल्याइतकेच दिवस वीर्यस्खलन टाळून (२ ते ७ दिवस चालतात) नमुना दिला. पांढऱ्या पेशी मर्यादेत आल्या, पुढे सरकणारे शुक्राणू ३४ टक्के झाले. बुजलेली नळी मात्र गोळ्यांनी उघडत नाही, म्हणून शुक्राणू शून्य आले तर थेट यूरोलॉजिस्टकडे.