गद्य कापू नका

पेशंटला विचारूनच लिहितेय, बारीकसारीक तपशील बदललेत. मी स्पीच थेरपिस्ट, कर्वे रोडला छोटंसं क्लिनिक आहे आणि तोतरेपणासाठी येणारे माझ्याकडे बरेच असतात.

हा मुलगा २४ वर्षांचा, आणि गळा असा की क्लिनिकच्या बाहेर बसलेली माणसं सुद्धा गप्प होतात. दोन वर्षांपूर्वी एका टीव्ही स्पर्धेच्या ऑडिशनला गेला, तिथे कॅमेऱ्यासमोर नाव विचारलं आणि हा अडकला तो अडकलाच. त्यांनी परत दोनदा विचारलं, शूटिंगसाठी हो, आणि टीव्हीवर दाखवताना मागे रडकी बासरी लावली! पुढे दोन राउंडनंतर बाहेर पडला. "मॅडम, माझं गाणं कुणाला आठवत नाही, ते अडकलेलंच आठवतं," हे त्याने मला पहिल्या दिवशी सांगितलं, म्हणजे अर्धं सांगितलं आणि अर्धं वहीत लिहून दाखवलं.

स्वतःचं नाव अवघडच असतं. बाकी शब्द बदलता येतात, 'मंगळवार' अडतोय वाटलं की 'परवा' म्हणून निसटता येतं, नावाला पर्याय कुठून आणणार? हा तर आयुष्यभर हॉटेलात कॉफीच मागवत आलाय कारण च वर अडकतो, आवडतो मात्र चहा. गाताना तसं होत नाही, शब्द आधीच ठरलेले, ताल पुढे ढकलत असतो, आवाज लांबत जातो, मधे तुटतच नाही. त्यामुळे समस्त नातेवाईकांचा एकच सल्ला, मग गाऊनच बोल ना! हा सल्ला ऐकला की माझंच डोकं फिरतं.

गॅरेथ गेट्सचं नाव त्यानेच माझ्याकडे आणलं. इंग्लंडचा मुलगा, २००२ च्या 'पॉप आयडॉल'मध्ये १७ व्या वर्षी दुसरा आला, तोही तोतरा, ऑडिशनला नाव सांगताना अडकलेला. पुढे २००९ मध्ये लंडनला म्युझिकल्स केली, आधी 'जोसेफ', मग 'ले मिझराब्ल'. मी कौतुकाने ऐकत होते तर हा म्हणतो, "मॅडम, त्या दोन्हीत जवळजवळ सगळं गाण्यातच आहे, बोलायचं काही नाहीच. पण नंतर त्याने 'लीगली ब्लाँड' केलं, त्यात सरळ डायलॉग आहेत. मला ते करायचंय." मी इतकी वर्षं लोकांना गेट्सचं उदाहरण देतेय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तर तो दिवस. सदाशिव पेठेतला एक हॉल, जुन्या संगीत नाटकाची तालीम, हा नायक. पदं पहिल्या आठवड्यातच बसली होती, गद्यावर गाडी अडत होती, म्हणून दिग्दर्शकांनी मलाच बोलावून घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "याचं गद्य निम्मं कापतो, पण किती कापू? हे काय शाकुंतल आहे का २०० च्या आसपास पदं असायला?" याने ते ऐकलं. "क...कापू नका," म्हणाला, आणि जाऊन उभा राहिला.

पहिलंच वाक्य 'महाराज'ने सुरू. ओठ मिटले ते मिटलेच, मान ताठ, उजव्या हाताचं बोट मांडीवर टकटक टकटक. पाच सेकंद, सहा सेकंद. ऑर्गनवरच्या काकांना राहवलं नाही, त्यांनी हळूच सा धरला, प्रेमानेच धरला, आणि मला वाटलं संपलं, आता हा त्या सुरावर गद्य गाणार. याने ओठ न उघडताच हात वर केला. काकांनी भाता सोडला. मग त्याने, आम्ही क्लिनिकमध्ये तीन महिने घासलं होतं तेच, जोर काढून टाकला, ओठ सैल सोडले, थोडा श्वास जाऊ दिला आणि म वर हलकेच उतरला. वाक्य पूर्ण. समोरची नायिका पूर्ण वेळ त्याच्याकडेच बघत थांबली होती, इकडेतिकडे नाही, त्याचे मार्क तिलाच.

पुढच्या प्रवेशात चार वेळा अडकला, मी मोजलं, सवयच आहे. चारही वेळा बाहेर आला, एकदाही शब्द बदलला नाही.

दिग्दर्शकांनी घड्याळ बघितलं. "प्रयोग तीनेक मिनिटं लांबेल."

"लांबू दे की," काका म्हणाले. "आमच्या ताना लांबतात तेव्हा कोण घड्याळ बघतं?"

तालमीनंतर आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये गेलो, दोघेही घामाघूम. मालकाने भुवई उडवून विचारलं, काय देऊ? मी मुद्दाम मोबाईलमध्ये डोकं घातलं.

"दोन कॉफी," तो म्हणाला, एका दमात.

मी काही बोलले नाही. कॉफी अगदी बेकार होती, दोघांनीही संपवली.