सेडिया अपडेट: लोअर ब्रेसची टकटक सापडली, मागच्या बारचा बेत सध्या बारगळला

सापडली! माझ्या मित्सुबिशी लॅन्सर सेडियातली ती टकटक एकदाची सापडली. मागच्या अपडेटमध्ये लोअर ब्रेसचं (गाडीच्या पोटाखाली डावी-उजवी बाजू जोडणारा, नंतर बसवलेला पाइप) जे कौतुक केलं होतं त्यातलं काही मागे घेत नाही हां. कात्रजच्या जुन्या घाटात गाडीचं नाक आता सांगाल तिथे जातं, स्टिअरिंग वळवल्यावर आधी जो क्षणभर ढिलेपणा जाणवायचा तो गेलाय, आणि मिड-कॉर्नर खड्डा आला तरी लाइन फारशी हलत नाही. पण त्यानंतर लगेच जे सुरू झालं त्याने डोक्याची मंडई केली होती.

आवाज असा, की उजवीकडे वळताना, वेग कमी, रस्ता थोडा उखडलेला, आणि बरोब्बर ॲक्सिलरेटरच्या खालून एकच 'टक'. स्टिअरिंग सरळ केलं की अजून एक. डावीकडे वळताना काही नाही, सरळ खड्ड्यात घातली तरी काही नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी गप्प, म्हणून टॉप माउंटचं (स्प्रिंगच्या वरच्या टोकाचं) बेअरिंग मी लगेच यादीतून काढलं, कारण ते गेलं असतं तर उभ्या गाडीतही स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा आवाज आला असता.

मग नेहमीचे संशयित. दोन्ही लिंक रॉड सोडवून, अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) मोकळा ठेवून सोसायटीला चक्कर मारली, आवाज तसाच. बॉल जॉइंटला पहार लावून बघितली, प्ले शून्य. लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश तर नवेच आहेत, ते नाना पेठेत शोधायला किती हिंडलो ते विचारू नका. आमचे मेकॅनिक काका म्हणाले, "स्टिअरिंगचा रॅक असेल, उघडू या." मी हातच जोडले. सेडियाचा रॅक उघडल्यावर त्याचे सील कुठून आणायचे ते आधी कोणीतरी सांगा, मग उघडू. त्यावर काका म्हणाले, "मग तो पाइप काढून टाका ना साहेब, कंपनीने लावला नव्हता म्हणजे लागत नसणार." यावर इव्होचा (लॅन्सर इव्होल्यूशन, या गाडीची रॅलीवाली बहीण) विषय काढला नाही मी. याच सेडियाच्या प्लॅटफॉर्मवर २००१ ला मित्सुबिशीनेच इव्हो ७ काढली आणि त्यात बॉडी कडक करायला किती जीव ओतला, पण काकांना ते सांगून उपयोग नाही.

ब्रेस काढली की आवाज बंद, हे मीही बघितलं होतं. म्हणजे चोर घरातलाच. पण गंमत अशी की बोल्टना टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीला क्लिक करणारा पाना) लावला की ते जरासे फिरायचे, मग क्लिक, मग थोडे दिवस एकदम शांतता, आणि परत टकटक सुरू. साहजिकच वाटलं की बोल्ट ढिले होतायत. निळं लॉकटाइट (बोल्ट फिरू न देणारा डिंक) लावलं. फरक शून्य.

शेवटी पांढरा पेंट मार्कर घेतला आणि प्रत्येक बोल्टवर एक सरळ रेघ मारली, बोल्टच्या डोक्यावरून ब्रेसच्या प्लेटवर आणि तिथून खाली क्रॉसमेंबरवर (ब्रेस जिला बोल्ट होते ती गाडीची आडवी तुळई), सलग. घाटात नेली, आणली, पिटवर घेतली. उजवीकडच्या रेघा जशाच्या तशा. डावीकडे मात्र बोल्टवरचा तुकडा आणि क्रॉसमेंबरवरचा तुकडा एका ओळीत, आणि मधला, प्लेटवरचा, बाजूला सरकलेला! म्हणजे बोल्ट कणभरही फिरला नव्हता, त्याच्याखालून प्लेट सरकत होती. भोक १४ मिमीचं, बोल्ट १२ चा, सरकायला जागा भरपूर.

बोल्ट काढला तर फ्लँजच्या (बोल्टच्या डोक्याच्या रुंद कडेच्या) खाली काळं पावडर कोटिंग गोल दबून कडेने झालरीसारखं बाहेर आलेलं. तिथे ट्यूब पेटली. बघा, असल्या जॉइंटमध्ये बोल्ट प्लेटला भोकाच्या कडेने अडवून धरत नाही, तो फक्त दाबतो, लोड घेतं ते दोन धातूंमधलं घर्षण. आणि पावडर कोटिंग म्हणजे शेवटी प्लास्टिकच, दाबाखाली ते हळूहळू बसत जातं. थोडा हिशेब करून बघितला. १०.९ ग्रेडचा (मजबुतीचा आकडा) बोल्ट, त्याने दाबलेली जाडी साधारण ४० मिमी, तर चांगला टॉर्क दिल्यावर तो जेमतेम ०.१ मिमी ताणला जातो, आणि तेवढ्या ताणावरच सगळी पकड. कोटिंगचा एक थर ६०-८० मायक्रॉन, आणि प्लेटला दोन्ही बाजूंनी. त्यातलं अर्धं जरी बसलं तरी बोल्टचा निम्माअधिक ताण गायब! बोल्ट न फिरता जॉइंट ढिला. मग लॉकटाइट काय करणार, कप्पाळ?

आणि उजव्या वळणातच का, तर लोड बाहेरच्या म्हणजे डाव्या चाकावर. मग आवाज उजव्या पायाखाली कसा? ब्रेसचा पाइपच तो इकडे आणून सोडत होता. मी इतके दिवस उजवीकडचे पार्ट हलवत बसलो होतो.

उपाय अगदीच साधा निघाला. प्लेटच्या दोन्ही बाजू आणि क्रॉसमेंबरवर जिथे ती टेकते तेवढीच जागा पेंट रिमूव्हर आणि पॉलिश पेपरने धातूपर्यंत साफ केली, गंजू नये म्हणून झिंक स्प्रेचा अगदी पातळ हात, नवीन फ्लँज बोल्ट, आणि चाकं जमिनीवर टेकलेली असताना टॉर्क. (बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा स्वतः वाचून घ्या, काउंटरवर १०.९ मागितला की ८.८ हातात ठेवतात आणि वर "एकच आहे हो" ऐकवतात.) नंतर परत टॉर्क लावला तर एकही बोल्ट हलला नाही, लगेच क्लिक. घाटात शांतता. रेघा सरळ. खिडक्या खाली करून, म्युझिक बंद करून उगाचच एक जादा चक्कर मारली, नुसता टायरचा आवाज ऐकायला.

ज्यांच्याकडून ब्रेस घेतली त्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर सगळ्यांना असंच देतो, कंप्लेंट नाही." अरे बाबा, कोटिंगच्या आधी टेकायच्या जागी मास्किंग टेप लावायला कितीसे पैसे लागतात? वेल्डिंग सुंदर आहे, पाइप सीमलेस आहे, आणि शेवटच्या पायरीवर घाण. तुमच्यापैकी ज्यांनी कुठलीही कोटिंगवाली ब्रेस लावलीय त्यांनी कृपया रेघ मारून बघा.

आता पुढचं. मागच्या स्ट्रट बारचे (डावा-उजवा सस्पेन्शन टॉवर, म्हणजे सस्पेन्शन वर बॉडीला टेकतं ती जागा, एकमेकांना जोडणारा दांडा) पैसे बाजूला काढले होते, पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की पुढच्या स्ट्रट बारच्या बेस प्लेटखालीही तेच काळं कोटिंग आहे! तिथे आवाज नाही, पण बार काम तरी करतोय का? त्यात तो हिंज टाइप, दोन्ही टोकांना एकेक बोल्ट. टॉवर आत-बाहेर होऊ देणार नाही, पण वर-खाली किंवा पीळ बसला तर तो खुशाल फिरणार. लोअर आर्मच्या माउंटवर कॉर्नरिंगचा मोठा वाटा येतो, म्हणून लोअर ब्रेसचा फरक लगेच कळला, वरच्याचा मला तेव्हाही "बहुतेक जाणवतोय" एवढाच कळला होता. मॅकफरसन सस्पेन्शनला वरचा बार उपयोगी पडतो हे मान्य, पण टॉवर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) चिकटून असतील तर काऊल पॅनेलच (पुढच्या काचेखालचा आडवा पत्रा) अर्धं काम करून टाकतं.

तर आता मोजणार. एका टॉवरला ॲल्युमिनियमची ट्यूब घट्ट बांधायची, दुसऱ्या टॉवरवर डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापक), सुईसमोर फोन रेकॉर्डिंगवर, आणि तोच घाट बार लावून आणि बार काढून. सुईचा फरक दिसला नाही तर हिंज बार विकायला काढतो आणि भोसरीच्या फॅब्रिकेटरकडून वन-पीस करून घेतो, ५ मिमीची लेझर कट प्लेट, टिग वेल्डिंग, आणि टेकायच्या जागा कोऱ्या. बॉनेटच्या खाली किती जागा आहे ते मातीचे गोळे ठेवून बघायचंय. डायल गेजचं मॅग्नेटिक स्टँड पुण्यात कोणाकडे असेल तर एका वीकेंडला द्या, पेट्रोल आणि मिसळ माझ्याकडून.