नागपूर करार आणि नसलेलं पुस्तक

आजचा अख्खा दिवस अमरावती रोडवर, प्राध्यापकांसोबत गेला. विषय एकच. "पोट्टे सगळं चॅटजीपीटीतूनच लिहून आणतात, आता शिकवायचं कसं?" नोव्हेंबर २०२२ पासून प्रत्येक स्टाफरूममध्ये हाच प्रश्न आहे.

सकाळी बहुतेकांना एआयनं लिहिलेलं पकडणारं सॉफ्टवेअर हवं होतं. मी स्पष्ट सांगितलं, त्याच्या भरवशावर राहू नका. स्वतः लिहिणाऱ्या पोरावरही ते ठपका ठेवतं आणि तो अन्याय मला बघवत नाही.

मग इतिहासाच्या एका मॅडमनी नागपूर करारावरची, म्हणजे विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी केलेल्या करारावरची, त्यांची नेहमीची असाइनमेंट मोबाईलवर चॅटजीपीटीत टाकली. उत्तर झकास आलं. २८ सप्टेंबर १९५३ ही तारीखही बरोबर. खाली तीन संदर्भग्रंथ. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "यातलं दुसरं पुस्तक मी कधी ऐकलंच नाही." शोधलं. नव्हतंच असं पुस्तक. हे यंत्र पुढे कोणता शब्द शोभेल एवढंच बघतं, हे मी तासभर बोलूनही पटलं नसतं.

जेवणाचे डबे तसेच राहिले. मॅडमनी असाइनमेंट नव्यानं लिहिली: एआयचं उत्तर आणा, कराराच्या मूळ मजकुराशी ताडून चुका दाखवा, घरच्या मोठ्यांना विचारा की यातलं विदर्भाला काय मिळालं, आणि पाच मिनिटं माझ्यासमोर बसून सांगा.

ऐंशी विद्यार्थी, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. एवढा वेळ कुठून आणायचा? शेवटी गटागटानं घ्यायचं ठरलं. सोमवारी पहिल्या गटाला मीही बसणार आहे.