पांढरी पाचच्या जरा वर

गाणं लावलेलं नसतं, नुसता ॲम्प्लिफायर सुरू असतो, तरी स्पीकर आपला गुणगुणतोच. घरात पेटी असेल तर ही गुणगुण कोणत्या पट्टीतली तेही काढता येतं. ही गुणगुण, म्हणजेच हम, येते विजेतून. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची, आणि पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, अगदी खालचा सूर 49 हर्ट्झचा. म्हणजे हम पांढरी पाचच्या केसभर वर. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची. तिथल्या मराठी घरांतला हम ना धड काळी पाचचा, ना पांढरी सातचा!

आमच्याकडे आवाज कमी-जास्त केला की गुणगुणही कमी-जास्त व्हायची. म्हणजे ॲम्प निर्दोष, बिघाड बाहेरून येतोय. मग एकेक वायर काढत जायचं. टीव्हीमागे हात घालून सेट-टॉप बॉक्सची जाड काळी केबल फिरवून सोडवली, आणि तोंडावर हात ठेवावा तशी गुणगुण थांबली.

कारण साधं आहे. ॲम्पला त्याच्या थ्री-पिनमधून घरचं अर्थिंग मिळतं. केबलवाल्याच्या वायरीवरची जाळी मात्र भलतीकडेच कुठेतरी जमिनीला जोडलेली. दोन्ही अर्थ एका पातळीवर नसतात. तो बारीकसा फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो आणि ॲम्प बिचारा त्यालाही गाणं समजून मोठं करतो.

रेकॉर्ड प्लेअरचं दुखणं आणखी नाजूक. सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईचा सिग्नल ॲम्पच्या आधी मोठा करणारा भाग, परत वर उचलतो. 50 हर्ट्झला मधल्या सुरांच्या जवळपास सातपट. हमची चैनच. म्हणून प्लेअरची ती वेगळी बारीक अर्थ वायर प्रीॲम्पच्या स्क्रूखाली घट्ट आवळायची.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अर्थची पिन काढून टाका’. हम जातो, खरं आहे. पण ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड उगाच नसते. प्लग लावताना आधी अर्थ जोडला जावा म्हणून ती तशी केलेली असते. आत फेज सुटून पत्र्याच्या बॉडीला लागला, तर तो जमिनीत जाण्याऐवजी बटण फिरवणाऱ्याच्या हातात येईल. गाण्यापायी एवढं नको. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्यावीत, केबलला आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण दोन्हीकडचे अर्थ वेगळे ठेवणारा जोड) लावावा, नाहीतर टीव्ही ते ॲम्प ऑप्टिकल वायर टाकावी. त्यातून नुसता उजेड जातो, करंट नाही.

आम्ही ऑप्टिकल टाकली. स्पीकर गप्प झाले. मग कान ॲम्पलाच लावून पाहिला, तर आतला ट्रान्सफॉर्मर बारीक थरथरतोय, 100 हर्ट्झवर. हा आवाज लोखंडाचा, त्याला वायरींचा इलाज नाही. चार रबरी बूच आणून ॲम्पखाली सरकवले आणि त्याला खालच्या फळीवर पाठवला.