खातेवहीतले येणे आणि कायद्यातले येणे

लेखाशास्त्र शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात एक समज घट्ट रुजलेला असतो: वहीत एखाद्याच्या नावे रक्कम टाकली म्हणजे ती त्याच्याकडून येणे, म्हणजे वसूल करता येईल अशी रक्कम, झाली. मी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना व्यवसाय कायदे शिकवतो आणि या समजापासूनच विषयाची सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. सीए फाउंडेशनच्या परीक्षेत लेखाकर्म हा पहिला पेपर आहे आणि व्यवसाय कायदे हा दुसरा. विद्यार्थी मात्र हे दोन विषय जणू एकमेकांना ओळखतच नाहीत, अशा रीतीने त्यांचा अभ्यास करतात. कायद्याची कलमे क्रमांकासह पाठ होतात, पण ऋणकोंच्या, म्हणजे आपले पैसे देणे लागणाऱ्यांच्या, यादीतील प्रत्येक ओळ त्याच कलमांवर उभी आहे, हे कोणी त्यांना दाखवून देत नाही.

1872 च्या पुरावा अधिनियमातील कलम 34 हे या दृष्टीने लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी वाचावे असे कलम होते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तोच नियम कायम आहे. व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी न्यायालय विचारात घेते, परंतु केवळ त्या नोंदींच्या आधारे कोणावरही देण्याची जबाबदारी टाकता येत नाही. कायद्याने दिलेले उदाहरणही सोपे आहे: एकाने दुसऱ्यावर 1,000 रुपयांचा दावा केला आणि स्वतःच्या वहीतील नोंद दाखवली, तर ती नोंद पुरावा म्हणून ग्राह्य आहे, पण अन्य पुराव्याशिवाय अपुरी आहे. यामागचे कारण उघड आहे. आपल्याच वहीत, आपल्याच हाताने लिहून दुसऱ्याला कर्जदार ठरवता आले असते, तर व्यवहारात कोणीच सुरक्षित राहिले नसते. म्हणून ऑर्डरचे पत्र, डिलिव्हरी चलनावरील माल मिळाल्याची सही, वाहतुकीची पावती हे कागद नोंदीइतकेच, किंबहुना नोंदीपेक्षाही महत्त्वाचे ठरतात. व्हाउचर जपून ठेवा, असे लेखापरीक्षक वारंवार सांगतात, त्यामागे हाच नियम आहे.

नोंद केव्हा करायची, हा प्रश्नही कायद्याचाच आहे. 31 मार्चला गोदामातून निघालेला माल विक्रीत धरायचा की शिल्लक साठ्यात, याचे उत्तर शोधताना माल विक्री अधिनियम, 1930 समोर ठेवावा लागतो. मालाची मालकी ज्या क्षणी ग्राहकाकडे जाते, त्याच क्षणी, वेगळा करार नसेल तर, नुकसानीची जोखीमही त्याच्याकडे जाते, असे कलम 26 सांगते. पसंतीसाठी पाठवलेल्या मालाच्या नोंदी आपण सोडवतो, तेव्हा प्रत्यक्षात कलम 24 वापरत असतो: ग्राहकाने पसंती कळवली, किंवा नापसंती न कळवता ठरलेल्या मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, की मालकी त्याची झाली. भागीदारीतही हेच घडते. करारनामा नसल्यास नफा समान वाटावा, भागीदाराने भांडवलाव्यतिरिक्त दिलेल्या रकमेवर 6 टक्के व्याज द्यावे, पगार देऊ नये, हे बारावीचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. पण हा सगळा मजकूर भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 13 मधून आला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याच अधिनियमातील कलम 69 कडे तर कोणी वळूनही पाहत नाही. भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, एवढे वाक्य विद्यार्थी लक्षात ठेवतात. परंतु नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या किरकोळ दाव्यांना तेवढी सूट आहे. उलट त्या तिऱ्हाइताला संस्थेवर दावा लावण्यास कोणतीही आडकाठी नाही. म्हणजे अशा संस्थेच्या ताळेबंदात दहा लाखांचे येणे दिसत असले, तरी नोंदणी होईपर्यंत त्यातील एकाही मोठ्या रकमेसाठी तिला न्यायालयाचे दार उघडे नसते, आणि देणी मात्र सर्व वसूल होण्याजोगी असतात. अज्ञान, म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेल्या, व्यक्तीच्या बाबतीत तर येणे जन्मालाच येत नाही. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यात, अज्ञान मुलाने सावकाराला लिहून दिलेले गहाणखत मुळातच निरर्थक आहे, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1903 मध्ये दिला आणि सावकाराचे पैसे बुडाले. तो निर्णय आजही प्रमाण मानला जातो.

मात्र मला सर्वांत अधिक वेळ द्यावासा वाटतो तो मुदतीच्या कायद्याला, म्हणजे दावा किती काळात लावावा हे ठरवणाऱ्या कायद्याला, आणि खेदाची गोष्ट म्हणजे व्यवसाय कायद्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात 1963 च्या मुदत अधिनियमाला बहुधा स्वतंत्र जागाच नसते. एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने पुण्यातील दुकानदाराला 5 एप्रिल 2022 रोजी 80,000 रुपयांचा माल 30 दिवसांच्या उधारीवर दिला. उधारीची मुदत 5 मे 2022 रोजी संपली आणि तेथून तीन वर्षे, म्हणजे 5 मे 2025 पर्यंत, व्यापाऱ्याला दावा लावता येतो. त्यानंतर लावलेला दावा, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी, न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, असे कलम 3 सांगते. वहीत मात्र ती रक्कम 2026 मध्येही दिसते, 2030 मध्येही दिसते आणि दरवर्षी पुढे ओढली जाते.

आता समजा, 10 एप्रिल 2024 रोजी त्या दुकानदाराने लेखापरीक्षकाच्या सांगण्यावरून पाठवलेल्या शिल्लक पुष्टीपत्रावर, ज्याला सगळे बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतात, सही करून दिली. कलम 18 नुसार मुदत संपण्यापूर्वी लेखी आणि सहीनिशी दिलेली ही कबुली असल्यामुळे त्या तारखेपासून नवीन तीन वर्षे सुरू होतात. कबुलीत नेमकी रक्कम नसली, पैसे देण्याची वेळ अजून आलेली नाही असे म्हटले असले, इतकेच काय, देणे मान्य करून ते देण्यास नकार दिला असला, तरीही ती कबुलीच ठरते. मुदतीच्या आत काही रक्कम भागवली गेली तरी कलम 19 नुसार मुदत वाढते. पण त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. आपल्याच पावतीपुस्तकातील स्थळप्रत त्यासाठी पुरत नाही.

तीच सही 10 जून 2025 रोजी झाली असती, तर? मुदत आधीच संपलेली असल्याने कलम 18 उपयोगाचे नाही. येथे करार अधिनियम, 1872 चे कलम 25(3) मदतीला येते: मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी आणि सही केलेले वचन, त्याला नवा मोबदला नसला तरी, वैध करार ठरते. फरक बारीक आहे आणि परीक्षेत तो हमखास निसटतो. मुदतीच्या आत ‘शिल्लक बरोबर आहे’ एवढे लिहिले तरी चालते. मुदतीनंतर ‘ही रक्कम मी देईन’ असे वचन लागते. शिल्लक पुष्टीपत्रे मिळवण्याचे काम आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालील उमेदवारीला, लागलेल्या मुलांना कंटाळवाणे वाटते, परंतु त्या एका सहीने ग्राहकाच्या लाखो रुपयांच्या येण्याचे आयुष्य वाढते, हे समजले की त्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, असा माझा अनुभव आहे.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो ताळेबंदाच्या निमित्ताने. कंपनीने स्वतःच्या ताळेबंदात बँकेचे कर्ज दाखवले, तर ती कर्जाची कबुली ठरते का? ताळेबंद तयार करणे कायद्यानेच सक्तीचे असल्याने ती कबुली मानता येणार नाही, असा निर्णय राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने 2020 मध्ये बहुमताने दिला होता. अॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी विरुद्ध बिशाल जैस्वाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2021 रोजी तो चुकीचा ठरवला. ताळेबंद करण्याची सक्ती आहे, पण त्यात अमुकच कबुली द्यावी अशी सक्ती नाही, हा 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्ता उच्च न्यायालयाने मांडलेला विचार न्यायालयाने उचलून धरला. त्याचबरोबर, टिपांमध्ये त्या कर्जाबद्दल हरकत किंवा खुलासा नोंदवला असेल तर प्रत्येक प्रकरण तपासून कबुली झाली की नाही हे ठरवावे लागेल, असेही स्पष्ट केले. ताळेबंदाखालच्या टिपा म्हणजे भरतीचा मजकूर आहे, असे ज्या विद्यार्थ्यांना वाटते, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

याची दुसरी बाजू धनकोंच्या, म्हणजे आपण ज्यांचे पैसे देणे लागतो त्यांच्या, यादीत दिसते. अनेक वर्षे कोणी मागायला न आलेले देणे नफा-तोटा खात्याला जमा करून टाकले, म्हणजे ते संपले, असे गृहीत धरले जाते. मुदत संपल्याने दावा लावण्याचा मार्ग बंद होतो, कर्ज नष्ट होत नाही, हे तत्त्व बॉम्बे डाईंग विरुद्ध मुंबई राज्य या 1958 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मांडले आहे. पुढे 1999 मध्ये सुगौली शुगर वर्क्सच्या प्रकरणात, ऋणकोने स्वतःच्या वहीत एकतर्फी नोंद फिरवली म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. दरम्यान 1996 च्या वित्त कायद्याने 1961 च्या आयकर अधिनियमातील कलम 41 ला स्पष्टीकरण जोडून, अशी एकतर्फी जमा केलेली रक्कमही त्या वर्षीचे उत्पन्न धरण्याची तरतूद केली. त्यामुळे एकाच नोंदीवर कर भरावा लागतो आणि धनकोचे देणेही कायम राहते. अशी जमा नोंद करण्यापूर्वी त्या धनकोला आपण शेवटची लेखी कबुली केव्हा दिली, गेल्या तीन वर्षांच्या ताळेबंदांत ती रक्कम त्याच्या नावाने दाखवली आहे का आणि खाली कोणाची सही आहे, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने विचारायला शिकले पाहिजे.